घर रिकामं करतोय : माळ्यावरचं सामान योग्य हाती कसं पोचवावं?

वैजू

नमस्कार मंडळी. आमची डोंबिवलीची सोसायटी अखेर पुनर्विकासाला गेली. दिवाळी झाली की महिन्याभरात जागा खाली करून द्यायची आहे. घर माझ्या आईचं. १९८४ मध्ये आईबाबा तिथे राहायला आले, तेव्हापासून माळ्यावरून एक डबा खाली आला की दोन वर चढले, असंच चालत आलंय. नवीन इमारत होईपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचंय आणि त्या घराला माळाच नाही.

सामान काय आहे ते सांगते. पितळी पातेली, पराती, एक घंगाळ, तांब्याचा बंब. दिवाणात कापसाच्या गाद्या. मानपानात आलेल्या, घडीही न मोडलेल्या साड्या आणि ब्लाउजपिसांची अख्खी सुटकेस. बाबांची पुस्तकं, कित्येक वर्षांचे दिवाळी अंक. कागदपत्रांची लोखंडी ट्रंक. बाबा शेवटी आजारी होते तेव्हाचा वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड. बंद पडलेला जाड टीव्ही, दोन मिक्सर. आणि बाबांना रेडिओ दुरुस्तीचा नाद होता, त्याचं एक कपाट वेगळंच.

भंगारवाल्याला बोलावलं तर एका दुपारी सगळं जाईल. भावाचं मत तेच. आई म्हणते, "विकू नका असं म्हणत नाही, पण जे चालू आहे ते वापरणाऱ्याच्या घरी जाऊ दे." मला आईचं पटतं. आई चौऱ्याहत्तरची आहे, खणखणीत आहे, पण एकेक वस्तू हातात घेतली की तिची गोष्ट सुरू होते आणि तिन्हीसांजा होतात.

कुठली वस्तू कुठे द्यावी, आणि आईला न दुखवता हे कसं उरकावं, दोन्ही सांगा.

सुगंधा

आम्ही नुकतेच ह्यातून गेलोय. माळ्याला आणि ट्रंकेला आधी हात लावू नकोस. ज्यात कुणाचा जीव अडकलेला नाही तिथून सुरू कर: औषधांचा डबा, बाथरूमचं कपाट, ओट्याखालचे प्लास्टिकचे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी. दोनचार खण मोकळे दिसले की घरातल्या सगळ्यांना हुरूप येतो. फोटो अगदी शेवटी.

गाद्या कापसाच्या असतील तर टाकू नका. पिंजाऱ्याकडे दिल्या तर तोच कापूस पिंजून नव्या खोळीत भरून देतो. जाड गादीतून पातळ गादी आणि वर उशाही निघतात. फोमच्या आणि काथ्याच्या गाद्यांना मात्र कुणी विचारत नाही, त्या द्यायला खरी अडचण येते.

मिलिंद_ना

साड्या, मिक्सर, गाद्या सरळ कामवाल्या बाईंना देऊन टाका. त्यांचंही काम होतं, आपलंही. एवढा विचार कशाला?

माणदेशी

भांड्यांबद्दल लिहितो, आमच्या घरी भांड्यांचा व्यवसाय होता.

वैजूताई, मोडीत घालण्याआधी तांबं, पितळ आणि कासं वेगळं करा. कासं पितळेच्या ढिगात बेमालूम मिसळून जातं आणि पितळेच्या भावात तोललं जातं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काशाचा भाव बराच चढा असतो. ओळखायचं कसं? बोटाच्या पेराने वाटीच्या कडेवर टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो, पितळ लगेच गप्प होतं. पायाला तेल लावून घासायची जुनी वाटी घरात असेल तर ती नक्की काशाची, ती तर देऊच नका.

बंबाची आतली लोखंडी जाळी आणि कड्या काढून मग वजन करा, नाहीतर लोखंडाच्या नावाने मनाला येईल तेवढी घट धरतात.

आणि पातेली सगळी देऊ नका हो. दोन ठेवा, कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट वरण किंवा ताक ठेवलं तर कळकतं, म्हणून लोकांनी पितळ सोडलं. कल्हई असली तर काही होत नाही. कल्हईवाला दारावर येत नसेल तर भांड्यांच्या दुकानात विचारा, त्यांना ठाऊक असतो. नवसागराचा तो धूर आणि कापसाच्या बोळ्याने आत फिरलेली चांदीसारखी लकाकी नव्या पिढीने एकदा तरी बघावी.

नाना_ठाणेकर

सर्वप्रथम ती ट्रंक. कुणालाही कागदाचा एक कपटाही रद्दीत घालू देऊ नका. मी सांगतो ते शोधा.

एक, शेअर सर्टिफिकेटं. त्या पिढीने टपालाने अर्ज करून कंपन्यांचे शेअर घेतले आणि विसरून गेले. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. सलग ७ वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. गेले म्हणजे बुडाले नव्हेत, वारसाला अर्ज करून परत मिळतात, पण त्यासाठी फोलिओ नंबर, म्हणजे शेअरधारकाचा खाते क्रमांक, लागतो आणि तो त्या पिवळ्या पडलेल्या कागदावरच असतो.

दोन, जुनी पासबुकं आणि मुदत ठेवीच्या पावत्या. १० वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर नाव घालून शोधता येतं. बाबांच्या नावाने शोधा.

तीन, साड्यांच्या घड्या आणि धान्याचे डबे झटकून बघा. जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा हमखास निघतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा १० पर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, त्याहून जास्त बाळगल्या तर दंड आहे.

वैजू

नाना, तुमचा प्रतिसाद वाचून भाऊ ट्रंक घेऊनच बसला. दोन कंपन्यांचे शेअर निघाले! एकीचं नाव आता बदललंय असं दिसतं, शोध घेतोय. खूप आभार.

ट्रंकेच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले कागद आहेत. आजोबा संगमनेरकडचे. कुणालाच वाचता येत नाहीत. तेही ठेवायचे का?

बोरूबहाद्दर

वैजूताई, ते फडकं तसंच राहू द्या! जुन्या दफ्तरात अशा गाठोड्याला रुमालच म्हणतात आणि एका रुमालातले कागद सहसा एका प्रकरणाचे असतात. वेगळे केलेत, साफ करायला ओल्या फडक्याने पुसलेत, सेलोटेप लावलात, की नुकसान झालंच. घडी आपोआप उघडत नसेल तर ताणू नका.

कागदाच्या माथ्यावर 'श्री' आणि खाली आडव्या रेघेला लटकलेली अक्षरं असतील तर मोबाइलने दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. मोडी शिकलेली पुष्कळ तरुण मुलं आता वाचून देतात. बहुधा जमिनीचे, वाटणीचे, कर्जाचे कागद असतात. तुम्हाला ते सामान्य वाटतील, पण एखाद्या गावात त्या सालात धारण, म्हणजे धान्याचा भाव, काय होती, सावकार किती व्याज लावत होता, हे अशाच कागदांतून कळतं.

सांभाळायचे नसतील तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली स्थापन झालेलं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरूनच तर कागद गोळा केले. १८९८ सालचा त्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड, पानिपतच्या वेळच्या पत्रांचा, वाईला एका घरात सापडलेल्या कागदांतून निघाला. ते दफ्तर कुणी बंबात घातलं असतं तर?

राही

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

हल्ली 'पसारा काढा, मन मोकळं होईल' असं जे सगळीकडे सांगतात ते मला अर्धंच पटतं. माझी आजी दोरीचा तुकडा, खताची रिकामी गोणी, तेलाचा पत्र्याचा डबा, काही म्हणजे काही टाकत नव्हती. तिने बहात्तरचा दुष्काळ बघितला होता, सुकडीसाठी रांगेत उभी राहिली होती, खडी फोडली होती. त्या गोणीचा पुढे बैलाच्या पाठीवर झूल म्हणून उपयोग झाला, मग दाराशी पायपुसणं म्हणून, मग कणगीखाली. तिच्या घरात अडगळ नव्हतीच, पुढच्या कामाची वाट बघणाऱ्या वस्तू होत्या.

अडगळ वाढली ती आपण विकत घेण्याचा वेग वाढवला म्हणून. ठेवणाऱ्या म्हातारीला बोल लावायचा आणि आपण दर महिन्याला खोकी मागवायची, हे मला खुपतं. वैजूच्या आईने काही चूक केलेली नाही.

निशिगंध

राही, तुझा मुद्दा मोलाचा आहे. त्याला जोडून वैद्यकीय बाजू, मी ह्याच क्षेत्रात काम करते.

जपून ठेवण्याची सवय आणि साठवणुकीचा आजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात साठवणुकीचा आजार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. पलंगावर झोपता येत नाही, शेगडीपर्यंत पोचता येत नाही, वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा टाकताना माणूस तळमळतो, अशी लक्षणं असतात. अशा माणसाचं घर तो नसताना रिकामं केलं तर त्याला जबर धक्का बसतो आणि घर पुन्हा भरतं. तिथे समुपदेशक लागतो. म्हातारपणी अचानक साठवायला लागलेल्या माणसाची स्मृतीची तपासणीही करून घ्यावी.

वैजूच्या आईचं वर्णन ह्यातलं नाही. तिला वस्तू द्यायच्या आहेत, चांगल्या हाती द्यायच्या आहेत. तिच्या माघारी एकही वस्तू हलवू नका, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

पायवाट

मिलिंद_ना ह्यांनी 'कामवाल्या बाईंना देऊन टाका' लिहिलंय, म्हणून लिहिते.

माझी आई मुलुंडला चार घरी धुणंभांडी करायची. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सहा. दर दिवाळीला घराघरातून वस्तू यायच्या. झाकण नसलेला मिक्सर. चेन गेलेली बॅग. एक पाय आखूड असलेलं टेबल. आईला नाही म्हणता यायचं नाही, कारण नाही म्हटलं की माज आलाय असं लोकांना वाटायचं. मग ती वस्तू डोक्यावर घेऊन ती घरी यायची आणि रात्री आम्ही ती कुठे ठेवायची म्हणून जागा शोधायचो. शेवटी भंगारात आम्हीच घालायचो.

एक काकू मात्र आधी विचारायच्या. "शिलाई मशीन काढतेय, तुला हवंय का गं? नको असेल तर मोकळेपणी सांग, दुसरीकडे देईन." आईने हो म्हटल्यावर त्यांनी मशीनला तेलपाणी केलं, पायट्याचा पट्टा नवा घातला, बॉबिनची डबी नीट बसते का ते स्वतः चार टाके घालून बघितलं आणि टेम्पोचे पैसेही दिले. त्या मशीनवर आईने शेजारपाजारचे ब्लाउज शिवले. माझी अकरावी-बारावीची फी त्यातून गेली.

द्या, पण विचारून द्या. नाही म्हणायची मुभा ठेवून द्या. चालू करून द्या. आणि दिवाळीचा बोनस वेगळा, रोख.

मिलिंद_ना

पायवाट, मनापासून धन्यवाद. आमच्या घरी हे असंच व्हायला हवं. आज बायकोलाही वाचून दाखवलं.

सुगंधा

पायवाट, +१००.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्हाला महाराष्ट्रभरातून मदत आली, ते उपकार विसरणार नाही. पण सांगायलाच हवं असं एक आहे. जुन्या कपड्यांची गाठोडी एवढी आली की ती ठेवायची कुठे हा नवा प्रश्न झाला. आम्हाला त्या आठवड्यात हवे होते खराटे, फावडी, बादल्या, गमबूट, फिनेल, मेणबत्त्या, कोरड्या चटया. चिखल काढणारा माणूस भरजरी साडीचं काय करणार? फाटके, मळके कपडे तर उचलून पुन्हा कचऱ्यातच घालावे लागले.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही कपड्यांचे असेच ढीग रस्त्याकडेला पडले होते. गूंज ही संस्था कपड्यांचं काम १९९९ पासून करते. ते लोक आधी निवडतात, धुतात, दुरुस्त करतात, जिथे जे चालेल तिथे ते पाठवतात. सुती कापडाचे त्यांच्याकडे पॅड होतात. द्यायचे तर अशा ठिकाणी, धुऊन, बटणं लावून द्या.

पुस्तकांचंही तसंच. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात ग्रंथालयाचं अतोनात नुकसान झालं. वाचनालयांना पुस्तकं हवी असतात, पण आधी यादी पाठवा, त्यांना हवी ती ते निवडतील. बारावीची जुनी गाइडं गोणीत भरून कुणाच्या दारात ठेवू नका.

आदित्य_कल्याण

वैजू, पुस्तकांसाठी तुझ्या जवळच सोय आहे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीचं पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शन भरतं. आपलं वाचून झालेलं द्यायचं, दुसऱ्याचं न्यायचं. आमचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालयही १८६४ सालचंच, यादी घेऊन ये. दिवाळी अंक रद्दीत घालू नकोस, संग्राहक शोधत असतात. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासूनची माळ आहे ती. मधल्या वर्षांचे अंक मोठ्या ग्रंथालयांतही कधीकधी नसतात.

स्पष्टवक्ता

सगळे भंगारवाल्याला खलनायक का ठरवताय? वैजूच्या भावाची बाजू घेतो.

भंगारवाला हा वस्तू वापरणाऱ्यापर्यंत पोचवणारा सगळ्यात जुना माणूस आहे. चालू मिक्सर तो कधीच तोडत नाही, दुरुस्तीवाल्याला विकतो, तो तीनशे रुपयांत कुणाला तरी देतो. काच, पत्रा, पुठ्ठा, प्रत्येकाची वाट त्याला ठाऊक असते. आपण 'दान' म्हणून जे करतो ते तो धंदा म्हणून रोज करतो, आणि जास्त नीट करतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. ह्या बायका कचऱ्यातून वेगळं काढतात म्हणून कितीतरी माल पुन्हा वापरात येतो. त्यांच्या संकलन मोहिमांत जुने कपडे, चपला, ई-कचरा, मोडकं सामान, सगळं घेतात.

म्हणून भंगारवाल्याला बोलवा, चहा द्या, भाव नीट करा, आणि काच वेगळी बांधून द्या म्हणजे त्याचा हात कापणार नाही.

कासव

स्पष्टवक्ता, बरचसं मान्य, पण जाड टीव्ही नको. त्याच्या नळीच्या काचेत शिसं असतं. तांब्याची वायर आणि कॉइल काढून घेतली की काच उकिरड्यावर जाते. फोडणाऱ्याच्या तब्येतीलाही वाईट. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरच आहे, तेव्हा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या. मोबाइल आणि कॉम्प्युटर देताना माहिती पुसा, हार्ड डिस्क काढून ठेवलीत तर उत्तम.

औषधांच्या डब्यातलं टाकायचं कसं ह्याबद्दल कुणी बोललं नाही. मुदत संपलेल्या गोळ्या, पाऱ्याचा थर्मामीटर, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, हा सगळा घरगुती घातक कचरा. ओल्यासुक्यात न टाकता वेगळा बांधून, वर लिहून द्यायचा. गोळ्या संडासात ओतू नका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून.

मेघना_हानोव्हर

इथे जर्मनीत अवजड सामान न्यायला नगरपालिकेची तारीख ठरवून घेता येते. आदल्या संध्याकाळी लोक कपाटं, खुर्च्या, सायकली फुटपाथवर ठेवतात आणि रात्रीतून निम्म्या वस्तू येणारेजाणारे घेऊन जातात. मी विद्यार्थिनी असताना माझं पहिलं टेबल असंच आणलं, अजून त्यावरच लिहितेय. एरवीही लोक दारासमोर खोक्यात कप, पुस्तकं, खेळणी ठेवतात, 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून. आपल्या सोसायट्यांत वॉचमनच्या केबिनपाशी एक रॅक असं ठेवता येईल ना?

आदित्य_कल्याण

मेघना, आमच्या सोसायटीत केलंय. नियम एकच: आठवड्यात कुणी नेलं नाही तर ठेवणाऱ्याने परत न्यायचं. म्हणून वस्तूवर फ्लॅट नंबर लिहायचा. नाहीतर रॅकच माळा होतो.

शेवंती

जरा अवांतर. भांड्यांवर नावं घातलेली असतात ना, त्याचं तुम्ही काय करता? आमच्याकडे 'सौ. इंदूस, मंगळागौर, १९६१' असं कोरलेली वाटी आहे. आमच्या सातही पिढ्यांत कुणी इंदू नाही.

सुगंधा

प्रत्येक घरात अशी एक इंदू असते गं. पंगतीला शेजारून भांडी आणायची, परत करताना अदलाबदल व्हायची. आमच्याकडे 'ग. रा. जोशी' आहेत, आम्ही तर शिंदे. पोहे त्यांच्याच ताटात सगळ्यात छान लागतात असं मुलांचं ठाम मत आहे.

माणदेशी

नावं घालणाऱ्याची हातोडी आणि छिन्नी बघितलीये मी लहानपणी. टिकटिक टिकटिक करत ठिपक्यांनी नाव उमटायचं, अक्षराचे पैसे, म्हणून लोक 'चि.' आणि 'सौ.' वरही घासाघीस करायचे. ही भांडी मोडीत घालण्यापूर्वी नावाचा भाग फोटोत घेऊन ठेवा. कोणाची मुंज कधी झाली हे आमच्या घराण्यात अशाच एका तांब्यावरून नक्की झालं.

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात कधी गेलात तर अडकित्ते, दिवे, तपेल्या बघा. दिनकर केळकरांनी लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू हिंडून हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे संग्रहालय उभं केलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी सगळ्यांनीच जपल्या. स्वयंपाकघरातली किसणी जपणारे विरळा.

शालू_पैठण

मानपानाच्या साड्यांबद्दल. कोऱ्या साड्या मुलींच्या वसतिगृहांना, बचत गटांना विचारून बघ. ब्लाउजपिसं शिवणवर्गांना हवी असतात, शिकाऊ मुलींना सरावासाठी कापड लागतंच.

जुन्या जरीच्या साड्या मात्र बोहारणीला पातेल्यावर देऊ नकोस! पदराच्या टोकाचा एक धागा काढून बघ. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते. नकली जरीची वरची चमक घासली की खालचं तांबं लाल दिसतं. खरी असेल तर जरीवाले वजनावर घेतात. त्याहून चांगलं म्हणजे काठपदर काढून नव्या कापडावर लावून घे. आणि बोहारणीला हिणवायला नको, उन्हातान्हात डोक्यावर भांडी घेऊन फिरते ती. साडी उजेडासमोर धरून विरलेली जागा ती एका नजरेत हेरते, तसं आपल्याला जमणार नाही. रोजच्या वापरातल्या जुन्या साड्या तिलाच द्याव्यात. विरलेल्या मऊ सुती साड्या तेवढ्या गोधडीसाठी राखून ठेव.

निशिगंध

वॉकर, कमोडची खुर्ची आणि एअर बेड राहून गेलं. जवळपास प्रत्येक शहरात रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, अनामत घेऊन नाममात्र भाड्याने वस्तू देतात. तिथे दिलीस तर एकच वॉकर कितीतरी घरांत फिरेल. वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले असतील तर बदलून दे, त्यांवरच माणूस घसरतो. एअर बेडचा पंप चालवून बघ.

वैजू

सगळ्यांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. पायवाट, तुझा वाचताना ती मध्ये थांब म्हणाली आणि मग पुन्हा वाच म्हणाली.

राही आणि निशिगंध, तुमच्यामुळे आम्ही प्रश्नच बदलला. आधी आम्ही प्रत्येक वस्तूला "ठेवायचं की काढायचं?" विचारत होतो आणि ती ठेव म्हणायची. आता विचारतो, "हे कुणाला देऊया?" आई लगेच सांगते! घंगाळ माझ्या मावसबहिणीला, तिचं गावी अंगण आहे. पराती आमच्या इमारतीतल्या पोळ्या करून विकणाऱ्या ताईंना, त्यांना आधी विचारलं, त्या येऊन स्वतः निवडून गेल्या. वॉकरचं केंद्र सापडलं. गोष्टी सांगते ती सांगू देतोय, भाचा फोनवर रेकॉर्ड करतोय आणि हात तोवर चालू असतात. दोन वाट्या काशाच्या निघाल्या, माणदेशी, टिचकी मारूनच. मोडीच्या रुमालाचे फोटो कुणाला पाठवू?

भावाचंही ऐकलं. पत्रा, रद्दी, बाटल्या, मोडकी टेबलं भंगारात गेली, आणि स्पष्टवक्ता, चहा दिला. टीव्ही वेगळा ठेवलाय.

आता अडलंय ते बाबांच्या कपाटाशी. एक मोठा लाकडी मर्फी रेडिओ, दोन ट्रान्झिस्टर, व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांची, खोकी, सोल्डरिंगची हत्यारं, डब्याडब्यांतून रेझिस्टर. आई ह्याबद्दल काहीच बोलत नाही.

बोरूबहाद्दर

फोटो मला निरोपातून पाठवा, पहिली आणि शेवटची ओळ स्पष्ट येऊ द्या, साल तिथे असतं.

नाना_ठाणेकर

मर्फीचा कारखाना आमच्या ठाण्यातच होता हो. कपाटात रेडिओच्या परवान्याचं पुस्तक मिळतं का बघा. पूर्वी रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण होई. मिळालं तर सेटबरोबरच ठेवा.

खरखर

मी जुने रेडिओ दुरुस्त करतो, म्हणून घाईने लिहितोय.

वैजू, कृपा करून तो मर्फी 'चालतोय का बघू' म्हणून थेट प्लगला लावू नका. व्हॉल्व्हचे सेट वर्षानुवर्षं बंद राहिले की आतले कपॅसिटर कोरडे पडलेले असतात. एकदम वीज दिली की ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. बटणं काढू नका, तारा कापू नका, कापडी जाळी पुसू नका. फक्त कोरड्या मऊ ब्रशने मागची धूळ झाडा.

व्हॉल्व्हची खोकी फेकू नका, नवी आता आपल्याकडे कुणी बनवत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर नंबर छापलेला असतो, तो हाताने घासला तरी पुसला जातो, म्हणून काचेला न धरता खालच्या बुडाला धरून उचला. हत्यारं आणि रेझिस्टर आयटीआयच्या किंवा शाळेच्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सरांना विचारून द्या, त्यांना ह्या गोष्टी कधीच पुरत नाहीत. वडिलांच्या हाताने काढलेली सर्किटची चित्रं किंवा दुरुस्तीची वही असेल तर ती घरात ठेवा, पण आम्हाला स्कॅन करून द्या.

आईंना विचारा, मर्फी चालू करून घरीच ठेवायचा असेल तर मी दुरुस्त करून देईन. वन बीएचकेतही तो कपाटावर मावेल. द्यायचाच असेल तर कुणाकडे जावा हेही त्यांनीच सांगावं. सध्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या पाटीचा फोटो टाका, मॉडेल नंबर दिसेल असा.